तलावावरचा भुरका तारा

मूल आणि सावली या दोन गावांच्या मधे, एका मोठ्या तलावाच्या उत्तरेला एक गाव आहे. तिथल्या गुणवंतरावांच्या घरी सहा इंची आरशाची दुर्बीण होती आणि तिला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. मुलांनी लावला तर पाठीत धपाटा बसे. त्यांची बायको सुगंधाबाई तर अंगण झाडतानासुद्धा दुर्बिणीच्या लाकडी बैठकीपासून हातभर लांबूनच खराटा फिरवायची, कारण धूळ उडाली की दुसऱ्या दिवसापर्यंत बोलणी खावी लागत.

गुणवंतराव मूलच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. परीक्षानळ्या धुवायच्या, स्टँड मांडायचे, वर्गात बेडूक न्यायचा. तिथे तरणेताठे मास्तर त्यांना ‘ए गुणवंता’ म्हणून हाक मारत. एका वर्षी नागपूरला दुर्बिणीचा आरसा घासायला शिकवणारे कोणी भेटले आणि गुणवंतराव दोन महिने दर रविवारी पहाटेच्या गाडीने जाऊ लागले. काचेवर काच ठेवायची, मधे काळी पूड आणि पाणी, आणि गोल फिरत घासत राहायचं. बोटांची सालं निघाली, पण आरसा झाला. मूलच्या टिनवाल्याने नळकांडं करून दिलं, गावच्या पत्रू सुताराने सागवानी बैठक केली. मग मास्तर, बँकेचे साहेब, कधी जंगलखात्याचे लोक संध्याकाळी मोटारसायकलने यायला लागले आणि हेच गुणवंतराव एकदम ‘सर’ झाले. पाहुण्यांशी ते पुस्तकातलं मराठी बोलत. आत स्वयंपाकघरात आले की मात्र, “चा झाला का नाई अजून? काय करून राह्यली तू?”

मे महिना त्यांचा खास. अंधार पडल्यावर त्या गावात तलावाच्या पाळीवर कोणी जात नाही, वाघाने तिथून दोन माणसं नेली आहेत. पण गुणवंतरावांचं मागचं अंगण दक्षिणेला उघडं, समोर नुसतं तलावाचं पाणी आणि त्यापलीकडे झाडांची काळी रेघ. चित्रा नक्षत्राचा तारा दक्षिणेला वर आला की त्याच्या सरळ खाली, झाडांच्या रेघेवर थोडासाच चढलेला, एक पुसट भुरका तारा दिसतो. गुणवंतराव पाहुण्यांना तो आधी नुसत्या डोळ्यांनी दाखवत, मग बायनाक्युलर देत. बायनाक्युलरमध्ये तो राखेच्या गोळ्यासारखा दिसे. शेवटी दुर्बीण. “सरळ रोखून पाहू नका,” ते म्हणत. “नजर जरा बाजूला ठेवा. मग बघा, गोळा फुटतो. तो एक तारा नाहीच. नरतुरंगातला तारकागुच्छ आहे तो. लाखो सूर्य.” पाहुणा डोळा लावी आणि मग त्याच्या तोंडून जो श्वास सुटे, तो सुगंधाबाईला चुलीपाशी ऐकू यायचा. पंधरा-वीस वर्षं ती तो श्वास ऐकत होती.

तिला एकदा पाहायला मिळालं होतं. म्हणजे तिला तसं वाटलं होतं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. तिघे मास्तर आले होते, एकाची बायको बरोबर होती. सुगंधाबाई कप उचलायला अंगणात आली तेव्हा ती बाई सहज म्हणाली, वहिनींना दाखवलं की नाही? गुणवंतराव हसले आणि म्हणाले, “या ना, बघा तुम्ही पण.” तिला त्यांनी ‘तुम्ही’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ. तिने पदराला हात पुसले, एक डोळा मिटला, दुसरा काचेला लावला. आत काळं होतं. तिला वाटलं आपलंच काही चुकतंय. डोळा इकडे केला, तिकडे केला. मागे चार माणसं वाट पाहत उभी.

“दिसलं का?” गुणवंतरावांनी विचारलं.

“दिसलं जी.”

“कसं आहे?”

“लई मस्त हाये,” ती म्हणाली. “चांदण्याच चांदण्या.”

तेव्हा गुणवंतरावांनी नळकांड्याच्या तोंडावर बसवलेलं झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. आधी तेच हसले, मग मास्तर हसले. त्या बाईने तोंडावर हात धरला, पण हसली तीही. त्यानंतर कितीतरी वर्षं नव्या पाहुण्याला हा किस्सा सांगितला जायचा, आणि चहाचा ट्रे घेऊन ती दारात आली की नेमका सांगितला जायचा. तिने परत कधी पाहू द्या म्हटलं नाही.

पण मनात धरून ठेवावं असं जे घडलं, ते हे नव्हे.

तिचं माहेर सिंदेवाहीचं. भाऊ गोपाल, भावजय आणि म्हातारी आई. मोबाइल नवे नवे आले होते आणि घरात एकच होता, गुणवंतरावांच्या खिशात. मे महिन्यातलीच गोष्ट. त्या संध्याकाळी गडचिरोलीहून एक प्राध्यापक येणार होते, बरोबर दोन अधिकारी. सुगंधाबाईने दुपारपासून कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, आंब्याचा रस असं सगळं मांडलं होतं. दिवेलागणीला गोपालचा फोन आला: माय काही खरी नाही, ताईचं नाव घेऊन राह्यली, लवकर पाठवा. सिंदेवाही मोटारसायकलने तासाभराची वाट. शेजारच्या नीलाबाईचा नवरा एका शब्दावर सोडून आला असता. गुणवंतरावांनी फोन खिशात ठेवला आणि ते पाहुण्यांना चित्रा दाखवू लागले. पाहुण्यांनी गुच्छ पाहिला, विंचवाच्या काळजापाशी आणखी एक बारका गुच्छ पाहिला, पोटभर जेवले, सुगंधाबाईच्या हाताची तारीफ केली. ती दारात उभी राहून लाजली.

सकाळी चहा पिऊन झाल्यावर गुणवंतराव म्हणाले, “तुही माय जास्त बीमार हाये म्हणते गोपाल. जाऊन ये.”

ती पोहोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. भावजयीने गळ्यात पडून सांगितलं की म्हातारी संध्याकाळपासून दाराकडे पाहत होती, पहाटे कोंबडा आरवायच्या आधी गेली. फोन कधी केला होता, ते गोपालने सांगितलं. सुगंधाबाई दहावं उरकून परत आली आणि तिने एकदाच विचारलं, रात्री काऊन नाही सांगितलं. गुणवंतराव पेपर वाचत होते. “पाहुणे जेवून राह्यले होते,” ते म्हणाले. “अन् तू जाऊन काय केलं असतं? डॉक्टर हायेस का तू?”

तिने भात टाकला. धानाच्या रोवणीच्या वेळी बायकांबरोबर चिखलात वाकून राहिली. मुलगी दिव्यानीचं लग्न वरोऱ्याला झालं, मुलगा प्रफुलचं झालं, सून चंचल घरात आली. गुणवंतराव निवृत्त झाले. मे महिन्यात पाहुणे येतच राहिले आणि सुगंधाबाई भाकरी थापतच राहिली.

मग एका उन्हाळ्यात गुणवंतरावांना गुच्छातले कण सुटे दिसेनात. त्यांनी आधी धुराला दोष दिला. मोहफुलं वेचायच्या दिवसांत जंगलात आगी लागतात, त्यांचा धूर महिनाभर आभाळात राहतो. पुढच्या वर्षी पाऊस पडून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं, तरी दिसेना. मग त्यांनी आरशाला दोष दिला, आणि आरशावरून सुगंधाबाईला. हिनेच तेलकट हात लावला, माझ्या मागे हिने दुर्बीण उघडली, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते चारचौघांत बोलले, व्याह्यांसमोर बोलले. महिनाभर तिच्या हातचं जेवले नाहीत. चंचलने वाढायचं आणि सुगंधाबाईने त्यांच्यासमोर यायचं नाही. ती मागच्या दाराशी बसून जेवायची. आरसा नागपूरला नेऊन त्यावर नवा मुलामा चढवून आणला. तरीही गोळा तसाच, आणि कडेकडेने अंधार.

पुढे एकदा उंबरठ्याला अडखळून पडले, तेव्हा प्रफुल त्यांना नागपूरला डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची तर दिवसातून तीनदा औषध घालावं लागेल. औषध घालायचं काम सुगंधाबाईकडे आलं. तेलकट हाताबद्दल गुणवंतराव एक अक्षर बोलले नाहीत. परत तिच्या हातचं जेवायला लागले, एवढंच.

वर्षभर दुर्बीण चादरीखाली राहिली. पाहुणे हळूहळू यायचे बंद झाले. आंधळ्याकडे आभाळ पाहायला कोण येणार. पुढच्या मे महिन्यात मात्र त्यांना राहवेना. त्यांनी प्रफुलकडून दुर्बीण अंगणात काढून घेतली. प्रफुलने घाईघाईत रोखली आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून निघून गेला. चंचलने डोळा लावला, अर्ध्या मिनिटात काढला. “काई नाई मामाजी, नुसतं काळं हाये.” गुणवंतराव तिच्यावर ओरडले. ती भांडी घासायला निघून गेली.

अंगणात ते आणि सुगंधाबाई, दोघंच उरले. ती दारातून येणाऱ्या उजेडात तांदूळ निवडत बसली होती. लग्न झाल्यापासून ते तिला ‘ए’ नाहीतर ‘प्रफुलची माय’ म्हणायचे.

“सुगंधा,” ते म्हणाले. “इकडं ये. डोळा लाव.”

ती उठली. ते खाटेवर बसून सांगत होते आणि ती करत होती. आधी बायनाक्युलर घे. खाटेच्या माच्याला कोपर टेकव, हात हालला नाई पायजे. चित्रा सापडली का? आता सरळ खाली ये, घाई नोको करू. तिला सांगायची गरज नव्हती, हे शब्द तिने चुलीपाशी बसून शंभरदा ऐकले होते. तरी ती त्यांच्या शब्दाशब्दाने चालली. राखेचा गोळा सापडला. मग दुर्बीण तिकडे वळवली, डोळा लावायच्या मोठ्या काचेतून पाहिलं, पेच फिरवून नीट केलं. मग जास्त मोठं दाखवणारी बारकी काच बसवली आणि नजर जराशी बाजूला ठेवली.

गोळा फुटला.

कडेला सुटे सुटे कण, आत जावं तसे दाट, आणि मधोमध एकावर एक असे रचलेले की वेगळे करता येऊ नयेत. कणीचा ढीग पडावा आणि प्रत्येक कणी आपल्या जागी पेटलेली असावी, तसं. काचेपुढून हवेची लाट गेली की सगळं थरथरायचं आणि परत स्थिर व्हायचं. तिच्या तोंडून श्वास सुटला. तो गुणवंतरावांनी ऐकला.

“दिसला?”

“दिसला.”

“कसा हाये? कण सुटे हायेत का?”

तिने पेच केसभर फिरवला.

“सुगंधा, कडेचे सुटे दिसून राह्यले का?”

“मी पाहून राह्यली,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. ती डोळा काढत नव्हती. तारा सरकला की नळकांडं बोटाने हळूच ढकलायची आणि परत पाहायची. चंचलने जेवायला हाक मारली, मग येऊन बोलावलं. खूप वेळाने सुगंधाबाई उठली, दुर्बिणीवर चादर टाकली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं, कारण पायरी त्यांना दिसत नव्हती. जेवताना वाढलं सगळं, बोलली काही नाही.

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं, आणि तिसऱ्याही. गुणवंतराव आधी रागावले. मग म्हणाले, फक्त रंग सांग, पिवळट हाये का पांढरा? मग म्हणाले, मधे काळी फट दिसते का, एवढंच हो-नाई सांग. मी घासला हाये तो आरसा, माह्या हातानं. चंचल दारात उभी राहून ऐकत होती. तिला सासऱ्याची कीव आली. आत्याबाई, सांगून टाका ना, काय जाते तुमचं, असं तिने नंतर स्वयंपाकघरात म्हटलं. सुगंधाबाईने पीठ मळत मान हलवली. ती हो होती की नाही, हे चंचलला कळलं नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी गुणवंतरावांनी खाटेवरून हात पुढे केला आणि तिचं लुगडं चाचपून धरलं. “काऊन नाई सांगत तू मले?”

सुगंधाबाईने काचेवरून डोळा काढला. “माही माय मरत होती,” ती म्हणाली, “अन् तुम्ही पाहुण्यायले हे दाखवून राह्यले होते.”

गुणवंतरावांनी लुगडं सोडलं नाही. तिला वाटलं, आता काही म्हणतील. काय म्हणावं असं तिला वाटत होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“त्याले लई वर्सं झाले,” ते म्हणाले.

तिने लुगडं सोडवून घेतलं आणि परत डोळा लावला.

त्यानंतर तिने नीलाबाईला बोलावलं, कधी गल्लीतली कलाबाई यायची. बायका दुर्बिणीपाशी उकिडव्या बसून एकमेकींना सांगायच्या, हे पाय वो, ते पाय वो. गुणवंतराव खाटेवर कान देऊन बसत. एकदा नीलाबाई डोळा काढून म्हणाली, “एवढंच होतं का ह्याच्यात? पीठ सांडल्यावाणी तं दिसते. मी म्हटलं काय असंन बापा.”

“पीठ नाही ते,” गुणवंतराव खाटेवरून म्हणाले. “लाखो सूर्य आहेत. सांग तिला, लाखो सूर्य.” पाहुण्यांसाठी राखलेलं मराठी बऱ्याच दिवसांनी तोंडात आलं होतं.

“चाल नीला,” सुगंधाबाई म्हणाली, “चा ठेवते.”

बायका आत गेल्या. एकटे गुणवंतराव अंगणात राहिले.

त्याच महिन्याच्या शेवटी दिव्यानीच्या मुलीचं बारसं निघालं. सगळे वरोऱ्याला गेले. गुणवंतरावांनी प्रवास नको म्हटलं. पत्रूने दोन दिवस त्यांच्या जेवणाचं पाहायचं ठरलं. सुगंधाबाईने लेकीला दाखवायला म्हणून बायनाक्युलर पिशवीत टाकलं. मायलेकींनी वरोऱ्याच्या गच्चीवरून पाहिलं, पण तिथे गावाचे दिवे फार, काही धड दिसलं नाही. दिव्यानीने विचारलं, बाबांनी तुला हात लावू दिला कसा? सुगंधाबाई म्हणाली, आता त्यांना दिसत नाही ना.

सगळे परत आले त्या संध्याकाळी गुणवंतराव खुशीत होते. त्यांनी स्वतःच विषय काढला. आभाळ साफ हाये म्हणते पत्रू, लाव डोळा.

तिने लावला. समोर भाताच्या पेजेसारखं पांढुरकं होतं. चित्रेकडे नळकांडं वळवलं तर चित्राही नव्हती, नुसता एक फिकट डाग. तिने काच बदलली, पेच फिरवला, काच पदराने पुसली. मग बॅटरी आणून नळकांड्यात पाहिलं. तळाचा आरसा राहिलाच नव्हता. तिथे दूध ओतल्यासारखी आंधळी काच होती, तिच्यावर गोल गोल ओरखडे. गोठ्याच्या कोनाड्यात उरलेल्या काळ्या पुडीची बरणी असायची. ती अंगणात नळापाशी रिकामी पडली होती. आरसा काढणं, पुडीने घासणं, परत तीन पेच आवळून बसवणं, हे सगळं त्यांनी हातांनी चाचपत केलं असणार. दोन दिवस लागले असतील. त्यांच्या बोटांची टोकं सोलली होती.

“कण सुटे दिसून राह्यले का?” गुणवंतरावांनी विचारलं.

सुगंधाबाई टाचांवर बसली. बॅटरी विझवली. चंचल धावत आली, काय झालं म्हणून विचारू लागली, पाहिल्यावर तिने कपाळाला हात लावला. सुगंधाबाई आत गेली आणि तिने भात टाकला. त्या रात्री गुणवंतराव रोजच्यापेक्षा चार घास जास्त जेवले. जेवण झाल्यावर तिने त्यांची हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, एक थेंब बाहेर सांडला तो पुसला.

प्रफुलने काच नागपूरला नेऊन दाखवली. तिथल्या लोकांनी सांगितलं, मुलाम्याने भागणार नाही, पहिल्यापासून नवी घासावी लागेल. घासणार कोण? नळकांडं गोठ्यामागे गेलं. पत्रू बैठक उचलून घेऊन गेला, लाकूड चांगलं होतं.

ह्याला आता तीन वर्षं झाली. गुणवंतरावांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बायनाक्युलर सुगंधाबाईजवळ आहे, तिच्या कपड्यांच्या पेटीत. मे महिन्यात अंधार पडला की ते विचारतात, आभाळ कसं हाये. ती म्हणते, ढग हायेत. आभाळ साफ असतं, वारा पडलेला असतो, पत्रू जाता जाता ‘चांदणं लई पडलं’ म्हणून गेलेला असतो, तरी ती तेच म्हणते आणि गुणवंतराव पुढे काही विचारत नाहीत. मग ती जिना चढून स्लॅबवर जाते. त्यांना जिना चढता येत नाही. वर एक लोखंडी खुर्ची आहे. कठड्याला कोपर टेकवून बसायला ती बरी पडते. खुर्ची हलकी आहे, उचलून ठेवता आली असती. सुगंधाबाई ती खालच्या खोलीत ऐकू जाईल अशी ओढतच नेते.